आमच्या गॅरेजवर कौले



आपल्या वर्गाची पुस्तके, पेटी आणि गणपतीचे मखर अ‍ॅम्स्टेलवेनमधल्या आमच्या गॅरेजमध्ये असते, हे बहुतेकांना ठाऊक आहे. या गॅरेजचे सपाट छप्पर बदलून तेथे उतरते कौलारू छप्पर करायचे आम्ही ठरवले आहे. त्यावर वर्गात दोन प्रश्न आले. सपाट छपरात वाईट काय? आणि वर नुसती टोपीच घालायची, तर एवढा खटाटोप कशाला? दोन्ही प्रश्न चांगले आहेत, म्हणून हा लेख.

सपाट छप्पर मुळात वाईट नाही. सोलापूरकडे मातीचे माळवद असते, खानदेशात धाब्याची घरे असतात. तिथे पाऊस बेताचाच. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, म्हणून तिथे उतरती कौले. हॉलंडमध्ये पडतो साधारण साडेआठशे मिलिमीटर, म्हणजे कोकणच्या मानाने काहीच नाही. पण तो बाराही महिने रिपरिपत राहतो आणि छपराला वाळायला उसंत मिळत नाही. तरी डच लोकांना सपाट छपराची हौस आहे. उट्रेख्तचे १९२४ सालचे रीटफेल्ड-श्र्योडर घर पाहायला जगभरचे लोक येतात, त्याचेही छप्पर सपाटच. आमचे गॅरेज पाहायला अर्थात कोणी येत नाही.

सपाट म्हटले तरी छपराला थोडा उतार लागतोच. इथले कारागीर मीटरला सोळा मिलिमीटर उतार धरतात. लाकडी तुळया जुन्या होऊन मध्ये वाकल्या की हा उतार नाहीसा होतो आणि मधोमध तळे साचते. तळ्याच्या वजनाने तुळया आणखी वाकतात, वाकल्या की आणखी पाणी साचते, आणि पाऊस थांबेपर्यंत हे चक्र चालू राहते. पाणी जायच्या तोंडाशी पाने अडकली असतील तर विचारायलाच नको. दहा सेंटीमीटर पाणी म्हणजे दर चौरस मीटरला शंभर किलो. आमचे गॅरेज तीन मीटर रुंद आणि सहा मीटर लांब आहे, म्हणजे अठरा चौरस मीटर. गणित तुम्हीच करा: अठराशे किलो, एका मोटारीहूनही जास्त! या देशात मोठ्या पावसात सपाट छपरे कोसळतात ती बहुधा याच कारणाने. म्हणून कडेच्या भिंतीला थोड्या उंचीवर एक जादा भोक ठेवतात. मुख्य नळ तुंबला तर पाणी तिथून बाहेर पडते. आमच्या गॅरेजला ते नव्हते, ते आम्ही ताबडतोब पाडून घेतले. तुमच्याकडे सपाट छपराचे गॅरेज असेल तर एवढे तरी आजच बघा.

आता टोपीचा प्रश्न. आधी आपले शब्द पाहू. छपराच्या शेंड्यावरचे आडवे लाकूड ते आढे, दोन्ही अंगांना उतरणारी लाकडे ते वासे, वाशांवर आडव्या मारलेल्या पट्ट्या त्या रिपा आणि रिपांवर कौले. छपराची खालची कड म्हणजे वळचण. 'आढ्याचे पाणी वळचणीला' आणि 'घर फिरले की वासेही फिरतात' या म्हणी आता चित्रासारख्या दिसतील. आजोळी पाहिलेली मंगलोरी कौले १८६५ मध्ये मंगलोरला बासेल मिशनच्या कारखान्यात सुरू झाली; इथली कौले वेगळी, पण एकमेकांत अडकण्याची युक्ती तीच.

आमच्या मापाला तीस अंशांचा उतार दिला तर आढे वळचणीपेक्षा सुमारे ८७ सेंटीमीटर उंच येते आणि कौलांचा पृष्ठभाग एकवीस चौरस मीटर होतो. चौरस मीटरला पंचेचाळीस किलो धरले तरी जवळजवळ साडेनऊशे किलो होतात, लाकूड वेगळे. साचलेल्या पाण्यापेक्षा हे कमीच, आणि आधी ठाऊक असलेले. पण हे ओझे कायमचे आहे, आणि ते नुसते खाली दाबत नाही. दोन पत्ते एकमेकांना टेकवून उभे करा, वरून बोट दाबा. पत्त्यांचे पाय बाहेर सरकतील. वासेही भिंतींना असेच बाहेर ढकलतात. गॅरेजच्या भिंती एका विटेच्या, जेमतेम दहा सेंटीमीटर जाड. त्यांना हा धक्का सोसत नाही.

कोकणातल्या जुन्या घरात आढे खांबांवर तोललेले असते, म्हणून वासे भिंतीला फारसे ढकलत नाहीत. गॅरेजमध्ये मधोमध खांब कोण लावणार? आमच्या इंजिनिअरने सुचवलेला उपाय आम्हाला फार आवडला. सपाट छपराच्या तुळया दोन लांब भिंतींना जोडतात. त्यातल्या वाकलेल्या बदलून बाकीच्या ठेवायच्या आणि वाशांचे पाय त्यांनाच बांधायचे. काल ज्या तुळया ओझे उचलत होत्या, त्या आता दोरीसारख्या ताण धरतात. शिवाय वाऱ्याने छप्पर उचलू नये म्हणून लोखंडी पट्ट्यांनी ते भिंतीत खोलवर जखडायचे. फेब्रुवारी २०२२ च्या युनिस वादळात हेगच्या फुटबॉल स्टेडियमच्या छपराचे तुकडे उडाले होते, ते अनेकांच्या लक्षात असेल.

लाकडापेक्षा अवघड आहे तो शेजार. आमची एक भिंत बरोबर हद्दीवर आहे, आणि आपल्या छपराचे पाणी दुसऱ्याच्या जागेत पडता कामा नये असे डच कायदाच सांगतो. थोडक्यात, पागोळ्या आपल्याच अंगणात! एकपाखी छप्पर करून सारे पाणी आमच्याकडे घेता येईल, पण मग पंचवीस अंशांनाही शेजारची बाजू १ मीटर ४० सेंटीमीटर वर जाते आणि शेजारच्या आजींच्या स्वयंपाकघरात दुपारी ऊन येणार नाही. त्यांनी कॉफीला बोलावून हे स्पष्टच सांगितले. डच लोक आडपडदा ठेवत नाहीत, ते एका परीने सोयीचे. म्हणून दुपाखी, आणि हद्दीकडची पन्हळ भिंतीच्या आतल्या बाजूस. आतली पन्हळ तुंबली तर पाणी घरातच येते, म्हणून तिलाही जादा तोंड हवे.

राहिली परवानगी. छपराचा आकार आणि उंची बदलायची तर बहुधा नगरपालिकेला विचारावे लागते. १ जानेवारी २०२४ पासून नवा ओमखेविंग्सवेट कायदा लागू आहे आणि परवानगी लागेल की नाही ते सरकारी संकेतस्थळावर तपासता येते. वळचण आणि आढे किती उंच असावे याचे नियम गावोगाव निराळे. बांधकाम १९९४ च्या आधीचे असेल तर तोडफोडीपूर्वी अ‍ॅस्बेस्टॉसची तपासणी करून घ्यावी, यात काटकसर करू नये.

आमचे नकाशे आणि इंजिनिअरची आकडेमोड नगरपालिकेकडे गेली आहे. उत्तर येईपर्यंत दर शनिवारी शिडी लावून तोटीतली पाने काढणे चालू आहे.