पावसात दुचाकी चालवणाऱ्यांनी हातमोजे कसे निवडावेत?

मे महिना संपत आला की बाजारात रेनकोट, छत्र्या, गमबूट आणि ताडपत्र्या दुकानांच्या दर्शनी भागात टांगल्या जातात. दुचाकीवर पोट असणारा माणूस या दिवसांत रेनकोट घेतो, मोबाइलसाठी प्लास्टिकचे पाकीट घेतो, मालाच्या पेटीवर जाड कागद बांधतो. हातांसाठी मात्र तो काहीच घेत नाही. घेतलेच तर रस्त्याच्या कडेला मिळणारे, वर रबराचे ठिपके असलेले सुती मोजे घेतो. ते पहिल्याच सरीत भिजून फडक्यासारखे होतात. आमच्या वाचकांत औषध कंपन्यांचे प्रतिनिधी आहेत, बेकरीचा माल खेड्यापाड्यांत पोहोचवणारे आहेत, मासळीची फेरी करणारे, कुरिअरची पाकिटे वाटणारे आणि अलीकडे घरोघरी जेवण पोहोचवणारे तरुणही आहेत. त्यांच्यासाठी हा विषय शौकाचा नाही, म्हणून या पानावर तो थोडा सविस्तर घेत आहोत.

गाडी घसरली की माणूस विचार न करता हात पुढे करतो. तळहात आधी रस्त्यावर टेकतो. पावसात भिजून मऊ पडलेली कातडी डांबरावर चटकन सोलली जाते. पण सोललेली कातडी पंधरवड्यात भरून येते, खरी भीती मनगटाची आहे. अंगठ्याच्या मुळाशी मनगटात एक लहानसे हाड असते, डॉक्टर त्याला स्कॅफॉइड म्हणतात. त्याला रक्तपुरवठा कमी असल्याने ते सांधायला वेळ घेते. दीड महिन्यापासून तीन महिन्यांपर्यंत प्लास्टर लागू शकते, आणि कित्येकदा पहिल्या एक्स-रेमध्ये ते मोडल्याचे दिसतही नाही. रोजच्या फेरीवर ज्याचे घर चालते, त्याला तीन महिने प्लास्टर म्हणजे काय, हे सांगायची गरज नाही. चांगल्या मोज्यात तळहाताच्या टाचेवर एक गुळगुळीत टणक पट्टी बसवलेली असते. तिच्यामुळे हात रस्त्याला चिकटून न अडता घसरत जातो आणि मनगटावरचा झटका कमी होतो. मोजा घेताना बोटांच्या सांध्यांवरचे चकचकीत कवच सगळेच पाहतात. आमच्या मते ही तळहाताची पट्टी आधी पाहावी.

दुसरी गोष्ट थंडीची. कोकणातला पाऊस थंड नसतो हे खरे, पण कुंभार्ली, आंबा किंवा वरंधा घाट जुलैत चढून पाहा. ओल्या हातावरून ताशी पन्नास किलोमीटरचा वारा गेला की अर्ध्या तासात बोटे बधिर होतात. ताशी साठच्या वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे सतरा मीटर पुढे जाते. बधिर बोटांनी ब्रेकचा दांडा ओढायला अर्धा सेकंद उशीर झाला, तर गाडी आठ मीटर जास्त गेली. पुढच्या एसटीच्या मागे आठ मीटर जागा असेलच असे नाही.

आता मालाकडे वळू. हातमोजा म्हटले की आपल्याकडे आधी कातडे आठवते, आणि घसरगुंडीत कातड्याइतके टिकणारे कापड अजून थोडेच आहे. बकरीचे कातडे पातळ, चिवट आणि बोटांना मऊ असते. म्हशीचे जाड आणि कडक असते. कोलकाता, कानपूर आणि तामिळनाडूतील आंबूर-वाणियंबाडी ही या मालाची मोठी केंद्रे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या आदेशानंतर कोलकात्यातल्या टांग्रा, टोपसिया, तिलजला भागातल्या टॅनऱ्या शहराबाहेर बानतल्याला हलवाव्या लागल्या. तिथला कारखान्यांत वापरायचा चामडी हातमोजा आजही परदेशी जातो. आपल्या धारावीतून कातडे कमावण्याचे काम बहुतांशी उठले, शिवणाचे मात्र राहिले आहे.

परंतु साधे कातडे पावसाचे नाही. कोल्हापुरी चप्पल पावसाळ्यात माळ्यावर का जाते, हे घराघरात ठाऊक आहे. झाडांच्या सालीत कमावलेले ते कातडे पाणी पिते, फुगते आणि वाळल्यावर ताठ होते. हातमोज्याचे कातडे सहसा क्रोममध्ये कमावलेले असते, ते पाण्याला अधिक तोंड देते, पण तासाभराच्या कोकणी पावसात तेही जड होते, सैल पडते आणि स्वस्त माल असेल तर त्याचा काळा रंग नखांत उतरतो. चुलीजवळ किंवा सायलेन्सरवर वाळवले तर ते कायमचे आकसते.

म्हणून उत्पादकांनी पडद्याचा मार्ग काढला. बाहेरचे कापड आणि आतले अस्तर यांच्यामध्ये एक अतिशय पातळ पडदा घालतात. गोअर-टेक्स हे त्यातले सर्वात प्रसिद्ध नाव, त्याचे मूळ संशोधन अमेरिकेत १९६९ सालचे आहे. हायपोरा वगैरे इतर नावेही मोज्यांच्या चिठ्ठीवर आढळतात. या पडद्यातून पाण्याचा थेंब आत येत नाही, पण घामाची वाफ बाहेर जाते, असा दावा असतो. दावा खोटा नाही. तो कुठल्या हवेत खरा आहे, एवढाच प्रश्न आहे.

वाफ बाहेर जायची तर आत ओलसर उष्ण हवा आणि बाहेर कोरडी किंवा थंड हवा असा फरक हवा. युरोपात पाऊस पडतो तेव्हा बाहेर अनेकदा आठ-दहा अंश असतात. आपल्याकडे जुलैत रत्नागिरीला किंवा मुंबईला पाऊस पडत असताना सत्तावीस-अठ्ठावीस अंश असतात आणि हवा आधीच बाष्पाने भरलेली असते. फरक फार थोडा उरतो. त्यात बाहेरचे कापड पूर्ण भिजले की पडद्यावर पाण्याचाच थर बसतो आणि वाफेची वाट जवळजवळ बंद होते. मग बाहेरचे पाणी आत येत नाही, पण हात स्वतःच्या घामाने ओला होतो, आणि गिऱ्हाईक दुकानदाराशी भांडायला जाते की मोजा गळतो!

त्यातही फसगत होते ती अस्तराची. वॉटरप्रूफ म्हणून येणारे कित्येक मोजे हिवाळ्यासाठी केलेले असतात. आत उबदार भरणा असतो. लडाखला जाणाऱ्याला ते योग्य. चिपळूण ते खेड फेरी करणाऱ्याचे हात त्यात दहा मिनिटांत उकडून निघतात, शिवाय जाड भरण्यामुळे ब्रेक आणि क्लचचा दांडा बोटांना नीट कळत नाही. आपल्या भागासाठी पडद्याचा मोजा घ्यायचाच असेल तर अस्तर पातळ, भरणा नसलेला असा मागावा. दुकानदार ‘भाईजान, शंभर टक्के वॉटरप्रूफ आहे’ म्हणेलच. त्याला थर्मल आहे का, हा एक प्रश्न जरूर विचारावा.

मग उपाय काय? तो किती वेळ आणि कशासाठी पावसात राहावे लागते, यावर ठरतो.

शहरात दिवसभर वीस-पंचवीस थांबे घेणाऱ्याला पडद्याचा मोजा अडचणीचा आहे. दर थांब्याला मोजा काढायचा, पावती फाडायची, पुन्हा घालायचा. ओल्या हाताने ओढून काढताना आतले अस्तर बोटांसकट उलटे बाहेर येते आणि पुन्हा बोटांत बसत नाही. हा दोष महागड्या मोज्यांतही असतो. अशा माणसाने पाणी अडवण्याचा हट्ट सोडावा. जाळीदार कापड, तळहातावर कातडे किंवा कृत्रिम कातडे, आणि टाचेवर ती टणक पट्टी असा हलका मोजा घ्यावा. तो भिजेल, पण पिळता येतो आणि पंख्याखाली लवकर वाळतो. असे दोन जोड असले की एक हातात आणि एक वाळत. दोन जोडांची किंमत बहुधा एका चांगल्या पडद्याच्या मोज्यापेक्षा कमीच पडते.

घाटातून रोज जाणाऱ्याला किंवा तास-दीड तास न थांबता चालवणाऱ्याला मात्र पाणी आणि वारा अडवायलाच हवा. त्याने पातळ अस्तराचा पडद्याचा मोजा घ्यावा. तो परवडत नसेल तर साध्या मोज्यावरून घालायचे रेनकोटच्या कापडाचे खोळमोजे घ्यावेत. त्यांचा तळवा खरखरीत असला पाहिजे. गुळगुळीत प्लास्टिक ओल्या मुठीवर सरकते, आणि ॲक्सिलेटरवर हात सरकणे मोजा नसण्यापेक्षा वाईट. हातावर पिशव्या बांधून चालवणारे आम्ही पाहतो, ते याच कारणाने टाळावे. दवाखान्यात वापरतात ते नायट्राइलचे पातळ मोजे आतून घालण्याची युक्तीही काही जण करतात. अर्ध्या तासाच्या प्रवासाला ती चालते, पुढे घाम साचतो. आणि खोळमोजा किंवा नायट्राइल यांनी पडल्यावर कसलेही संरक्षण मिळत नाही, ते काम आतल्या खऱ्या मोज्याचेच.

मनगटाची बाजू पुष्कळांच्या लक्षात येत नाही. मोजा कितीही चांगला असो, पाणी तोंडातून आत शिरते. आपल्या नेहमीच्या मोटारसायकलवर किंवा स्कूटरवर बसल्यावर हात खांद्यापेक्षा खाली असतात, म्हणजे रेनकोटच्या बाहीवरचे पाणी ओघळून मनगटाकडेच येते. बाही मोज्याच्या आत खोचली तर ते सरळ मोज्यात उतरते आणि मोजा भांड्यासारखा भरतो. म्हणून मोजा आत, बाही वर, आणि बाहीचा वेल्क्रो घट्ट. मोज्याचे तोंड फार रुंद आणि लांब असेल तर ते बाहीखाली जात नाही, तेव्हा रेनकोट बरोबर नेऊनच मोजा घ्यावा.

दुकानात करायची एक साधी परीक्षा आहे. मोज्यात तोंडाने हवा भरावी, तोंड पिळून बंद करावे आणि मोजा दाबावा. बोटांच्या शिवणीतून हवा गालावर जाणवली, तर आत अखंड पडदा नाही. चिठ्ठीवर ‘वॉटर रेझिस्टंट’ लिहिले असेल तर तो मोजा फक्त रिमझिम झेलणारा समजावा. मग मोजा घालून मूठ वळावी. बोटाच्या टोकाशी रिकामी जागा राहता कामा नये आणि अंगठ्याच्या बेचक्यात ताण पडता कामा नये. मनगटाची पट्टी लावून दुसऱ्या हाताने मोजा ओढून पाहावा. निघून आला, तर पडल्यावरही निघेल. डाव्या तर्जनीवर किंवा अंगठ्यावर रबराची बारीक पाती असली तर हेल्मेटची काच पुसायला फार उपयोगी पडते. डाव्याच हातावर का, तर उजवा हात ॲक्सिलेटर सोडू शकत नाही. मोबाइलचा पडदा चालवणारे बोट या गुणासाठी मात्र जादा पैसे देऊ नयेत. काचेवर पाणी असले की उघडे बोटही नीट चालत नाही.

हेल्मेटवर आयएसआय चिन्ह जून २०२१ पासून सक्तीचे झाले, त्यामुळे तिथे गिऱ्हाइकाला काही आधार आहे. मोज्यांसाठी जाणकार ग्राहक युरोपचे मानक पाहतात. ‘ईएन १३५९४’ हा क्रमांक आणि खाली १ किंवा २ ही पातळी आतल्या चिठ्ठीवर छापलेली असते. २ म्हणजे अधिक मजबूत. सांध्यांवरचे कवच तपासलेले असेल तर ‘केपी’ ही अक्षरे असतात. नुसते ‘सीई’ छापणे कोणालाही जमते, क्रमांक आणि पातळी दोन्ही पाहावे.

देखभालीचे थोडक्यात सांगतो. घरी आल्यावर आत वर्तमानपत्राचे बोळे भरून मोजे पंख्याखाली टांगावेत, दोन-तीन तासांनी कागद बदलावा. पिशवीत कोंबून ठेवलेल्या ओल्या मोज्याला दोन दिवसांत बुरशी आणि वास येतो. मऊ साबणाने धुवावेत, कपडे मऊ करणारे द्रव वापरू नये. त्याने बाहेरच्या कापडावरचा पाणी झटकणारा लेप जातो.

आता आमच्या व्यापारी आणि कारागीर बंधूंसाठी. वर सांगितलेला खोळमोजा आपल्याकडे सहज बनू शकतो. पीव्हीसीचे कापड शिवण्याऐवजी हाय फ्रिक्वेन्सी वेल्डिंगने जोडतात. रेनकोट, फाइली आणि प्लास्टिकची पाकिटे करणाऱ्या कारखानदारांकडे ही यंत्रे असतातच. पाच बोटे स्वतंत्र जोडणे अवघड आणि गळतीला निमंत्रण देणारे आहे. त्यापेक्षा अंगठा, पहिली दोन बोटे एकत्र आणि उरलेली दोन एकत्र असे तीन कप्पे ठेवावेत. दोन बोटांनी ब्रेक ओढता येतो आणि जोड कमी होतात. तळव्याला रबराच्या ठिपक्यांची छपाई हवी, मनगटाला लांब पट्टी हवी आणि रंग भडक पिवळा किंवा नारिंगी हवा, म्हणजे हाताने दाखवलेला इशारा मागच्या गाडीला दिसतो. पाच-दहा जोड करून ते आधी कुरिअरवाल्यांना महिनाभर फुकट वापरायला द्यावेत आणि कुठे फाटते ते पाहावे. बहुधा अंगठ्याच्या बेचक्यात फाटेल, तिथे दुहेरी पट्टी लावूनच माल बाजारात आणावा. विक्रीचा हंगाम मेच्या शेवटच्या आठवड्यापासून जुलैच्या मध्यापर्यंतचा असतो, तेव्हा नमुने फेब्रुवारीत तयार असायला हवेत.