बी जालन्यात, केस दिल्लीत!

'जालना सोने का पालना' ही म्हण तुम्ही ऐकलीच असेल. पण या पाळण्यातलं आजचं सोनं कुठे असतं, माहीत आहे का? तिजोरीत नाही, नावात! बियाण्याच्या पाकिटावरचं नाव, सळईवर उमटवलेलं नाव, मोसंबीच्या पेटीवरचं नाव. आणि नावाला भाव आला की मागोमाग वकील येतोच. तर चला, जालन्याच्या बाजारात कायद्याचा चष्मा लावून एक चक्कर मारू या!

सुरुवात अर्थातच 'महिको'पासून. म्हणजे महाराष्ट्र हायब्रिड सीड्स कंपनी. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालन्यात सुरू केलेली. १९९८ मध्ये बारवाले यांना मानाचा 'वर्ल्ड फूड प्राइझ' मिळाला. बियाण्यासाठी जागतिक बक्षीस, आणि विजेता कुठला? आपल्या मराठवाड्यातला! कॉलर ताठ करा.

आता तारीख लक्षात ठेवा: २६ मार्च २००२. या दिवशी भारतात बीटी कपाशीला परवानगी मिळाली. देशातलं हे पहिलं जनुकीय बदल केलेलं पीक. मंजूर झालेले तिन्ही वाण महिकोचे: मेक-१२, मेक-१६२ आणि मेक-१८४. नावं रोबोटची वाटतात, पण उगवली शेतात!

पण थांबा, माहीत आहे का? परवानगीच्या आधीच बीटी कपाशी गुजरातच्या शेतांत डोलत होती. २००१ मध्ये 'नवभारत-१५१' या वाणात बीटी जनुक सापडलं आणि दिल्लीपर्यंत खळबळ उडाली. गंमत म्हणजे, त्या पहिल्या पिढीच्या जनुकावर ते बनवणाऱ्या अमेरिकन कंपनीचं, मोन्सॅन्टोचं, भारतात पेटंटच नव्हतं. म्हणजे परवानगीचा कायदा मोडला, पेटंटचा नाही. दोन्ही कायदे वेगळे, दोन्हींची कचेरी वेगळी.

पेटंट आलं ते दुसऱ्या पिढीवर, बोलगार्ड-२ वर. आणि इथून सुरू होतो खरा कोर्टरूम ड्रामा.

महिको आणि मोन्सॅन्टो यांची निम्म्या-निम्म्या भागीदारीची एक कंपनी होती. ती हे तंत्रज्ञान इतर बियाणे कंपन्यांना द्यायची आणि पाकिटामागे शुल्क घ्यायची. एकेकाळी ४५० ग्रॅमच्या एका पाकिटामागे १,२५० रुपये! नुसत्या तंत्रज्ञानाचे! २००६ मध्ये आंध्र सरकार मक्तेदारीविरोधी आयोगाकडे गेलं आणि भाव उतरले. २०१६ मध्ये केंद्राने पाकिटाची किंमत ८०० रुपये ठरवली, त्यात शुल्क फक्त ४९ रुपये. २०२० मध्ये शुल्क किती? शून्य. १,२५० वरून थेट भोपळा!

दरम्यान हैदराबादच्या नुझिवीडू सीड्सशी शुल्कावरून बिनसलं आणि प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. प्रश्न एका ओळीचा: बियाण्यातल्या जनुकाचं पेटंट चालतं का?

माहीत आहे का? भारतात बियाण्याचं पेटंट मिळतच नाही. पेटंट कायद्याचं कलम ३ सांगतं की वनस्पती, प्राणी, बियाणं, वाण यांवर पेटंट नाही. शेती करण्याच्या पद्धतीवरसुद्धा नाही. मोन्सॅन्टोचं म्हणणं होतं, आमचं पेटंट बियाण्यावर नाही, प्रयोगशाळेत घडवलेल्या जनुकाच्या रचनेवर आहे. समोरचे म्हणाले, जनुक बियाण्यात शिरलं की ते बियाणंच झालं.

एप्रिल २०१८: उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने पेटंट रद्द केलं. ८ जानेवारी २०१९: सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल बाजूला सारला आणि सांगितलं, आधी साक्षीपुरावे घ्या, तज्ज्ञांना ऐका, मग ठरवा. खटला पुन्हा खाली. आणि पेटंटची मुदत? २० वर्षं, मोजायची अर्जाच्या तारखेपासून. अर्ज नोव्हेंबर १९९९ चा. म्हणजे नोव्हेंबर २०१९ मध्ये खेळ खलास! २०२१ मध्ये तडजोड झाली. मूळ प्रश्नाचं उत्तर आजही बाकी आहे. ज्या गावाचं पोट बियाण्यावर चालतं, त्या गावाने हा प्रश्न विसरू नये असं मला मनापासून वाटतं. पुढचं जनुक आलं की तोच वाद पुन्हा उगवणार.

पेटंट नाही तर कॉपीराइट? हसू नका, कुणीतरी खरंच प्रयत्न केला! संकरित बियाण्याच्या डीएनएची रचना ही साहित्यकृती, तिच्यावर आमचा कॉपीराइट, असा दावा एका बियाणे कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात केला. २०११ मध्ये न्यायालयाने तो फेटाळला. कपाशीला बोंड येतं, लेखकाचे हक्क येत नाहीत.

मग बियाण्याला संरक्षण कुठलं? त्यासाठी स्पेशल कायदा आहे: पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१. नावातच शेतकरी! या कायद्यात शेतकरी संरक्षित वाणाचं बी राखू शकतो, पेरू शकतो, शेजाऱ्याला देऊ शकतो, विकूही शकतो. अट एकच: ब्रँडचं नाव लावून विकायचं नाही. साध्या पोत्यात हक्क, छापील पाकिटात गुन्हा. फरक फक्त नावाचा.

२०१९ मध्ये पेप्सिकोने आपला संरक्षित वाण पिकवला म्हणून गुजरातच्या काही बटाटा उत्पादकांवर प्रत्येकी एक कोटीहून जास्त भरपाईचे दावे ठोकले होते, आठवतं? देशभर आरडाओरडा झाला आणि कंपनीने काही दिवसांतच दावे मागे घेतले. चिप्सपेक्षा जास्त कुरकुर!

तुरीचा 'बीडीएन-७११' वाण पेरलाय? हा बीडीएन म्हणजे आपलं बदनापूर. तिथल्या संशोधन केंद्राचा हा वाण. आणि माहीत आहे का? वाणाची नोंदणी करताना नुसते आकडे नाव म्हणून चालत नाहीत, कायद्यातच तसं लिहिलंय. सातशे अकराला बदनापूरची सोबत हवीच!

आता एक सिक्रेट. सीड प्लॉट घेणाऱ्या शेतकऱ्याला विचारा, कंपनी कशाला सगळ्यात जास्त जपते? नर-मादीच्या ओळींना! संकरित बी पुढच्या वर्षी पेरलं की पीक एकसारखं येत नाही, म्हणून शेतकरी पुन्हा दुकानात येतो. हे निसर्गाचंच कुलूप. पण नर आणि मादी दोन्ही ज्याच्या हाती, त्याच्या हाती किल्ली. बाहेरच्या प्लॉटवरून मूठभर बी गायब झालं तर वर्षांची मेहनत गेली. आणि अशा व्यापारी गुपितांसाठी भारतात वेगळा कायदाच नाही! विधी आयोगाने मार्च २०२४ मध्ये तो करण्याची शिफारस केली. तोवर भिस्त करारावर. करार वाचून सही करा, दोन्ही बाजूंनी.

बी उगवलंच नाही तर? कंपन्या म्हणायच्या, शेतकरी व्यावसायिक आहे, ग्राहक मंचात कसा येईल? २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठणकावलं: बी विकत घेणारा शेतकरी ग्राहकच! पाकीट, टॅग आणि पावती फेकू नका राव, तेच तुमचे साक्षीदार.

बियाण्याकडून लोखंडाकडे, एका उडीत. ट्रेडमार्कच्या दुनियेत मालाचे आणि सेवांचे मिळून ४५ वर्ग आहेत. सळई बसते वर्ग ६ मध्ये, बियाणं आणि ताजी फळं वर्ग ३१ मध्ये. जालना शहर एक, वर्ग दोन! 'टीएमटी' हा कुणाचा ब्रँड नाही, ती प्रक्रिया आहे: तापलेल्या सळईवर पाण्याचा मारा, बाहेरून कडक, आतून लवचीक. हा शब्द कुणीही छापू शकतो. म्हणूनच सळईच्या अंगावर उठवलेलं कारखान्याचं नाव लाखमोलाचं.

पेटंट २० वर्षांत संपतं, ट्रेडमार्क मात्र अमर होऊ शकतो. दर १० वर्षांनी नूतनीकरण करा, बस! पण वापरा. पाच वर्षांहून जास्त काळ पडून राहिला तर ज्याला त्याची झळ बसते तो ट्रेडमार्क काढून टाकायला अर्ज करू शकतो. आणि नोंदणी झालेली नसताना नावापुढे गोलातला 'आर' लावू नका, कायदा पकडतो.

ट्रेडमार्क फक्त शब्दांचा नसतो, माहीत आहे ना? मुंबईच्या ताजमहाल पॅलेस हॉटेलची इमारतच २०१७ मध्ये ट्रेडमार्क झाली. देशातली पहिली! याहूच्या आरोळीलाही २००८ मध्ये भारतात नोंदणी मिळाली. या-हू!

माल गेला, पैसे अडकले? छोट्या उत्पादकाचं बिल खरेदीदाराने लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचं. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ! हा नियम २००६ पासून आहे. एमआयडीसीतल्या प्रत्येक वर्कशॉपच्या भिंतीवर तो मोठ्या अक्षरांत लिहून ठेवायला हवा.

आणि शेवटी गोड! जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे, म्हणजेच जीआय टॅग. अलीकडे जालन्याची दगडी ज्वारीही त्या यादीत आली. फळही आपलं, भाकरीही आपली.

जीआयची सगळ्यात भन्नाट गोष्ट? तो विकता येत नाही, गहाण ठेवता येत नाही, लायसन्सवरही देता येत नाही. कितीही मोठा उद्योगपती आला तरी 'जालना मोसंबी' हे नाव विकत घेऊ शकत नाही! ते त्या मातीत पिकवणाऱ्यांचं.

मात्र टॅग जिल्ह्याला मिळाला म्हणून प्रत्येक बागायतदाराला आपोआप वापरता येत नाही. अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःची नोंदणी करावी लागते. ही नोंदणी चेन्नईत होते, कारण देशाची जीआय रजिस्ट्री तिथेच आहे. आणि फी? २०२० मध्ये सरकारने ती ५०० रुपयांवरून कमी केली. किती केली, माहीत आहे का?

१० रुपये!