ख्रिस्ती विवाह : वधूवरांनीच एकमेकांना दिलेला संस्कार

बायबलची सुरुवात एका जोडप्याने होते आणि शेवट एका लग्नाने. ‘उत्पत्ती’च्या दुसऱ्याच अध्यायात आदाम आणि हव्वा एकदेह होतात. ‘प्रकटीकरण’ या शेवटच्या पुस्तकात कोकऱ्याचे, म्हणजे ख्रिस्ताचे, लग्न ठरते आणि नवी यरुशलेम नगरी वधूसारखी नटून स्वर्गातून उतरते. मधल्या पानांतही देव आणि माणूस यांच्या नात्याला पुन्हा पुन्हा लग्नाचीच उपमा दिली आहे. ख्रिस्तपूर्व आठव्या शतकातल्या होशेय या संदेष्ट्याने बेइमान झालेल्या बायकोला पुन्हा घरात घेतले. इस्राएलने पाठ फिरवली तरी देव त्याला टाकत नाही, हे त्याने स्वतःच्या संसारातून लोकांना दाखवले.

योहानाच्या शुभवर्तमानानुसार येशूचा पहिला चमत्कारही लग्नघरातच घडला. गालीलातल्या काना गावी ऐन मेजवानीत द्राक्षारस संपला. यहुदी रिवाजाप्रमाणे शुद्धीकरणाच्या पाण्यासाठी तिथे सहा दगडी रांजण ठेवलेले होते. आजच्या मापाने एकेकात साधारण 80 ते 120 लिटर पाणी मावत असे. येशूने ते काठोकाठ भरायला लावले आणि त्या पाण्याचा आधीच्याहून सरस द्राक्षारस झाला. यजमानाची लाज राखायला एखादा रांजणही पुरला असता, इथे सहाच्या सहा भरले. देवाची कृपा मोजूनमापून येत नाही, असा या प्रसंगाचा अर्थ चर्च लावत आले आहे.

विवाहाच्या ख्रिस्ती कल्पनेचा कणा मात्र प्रेषित पौलाने इफिसकरांना लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात आहे. ख्रिस्ताने मंडळीसाठी, म्हणजे चर्चसाठी, प्राण दिला, तसे पतीने पत्नीवर प्रेम करावे, असे पौल सांगतो आणि दोघांच्या एक होण्याला मोठे रहस्य म्हणतो. पती-पत्नीचे नाते हे ख्रिस्त आणि मंडळी यांच्या नात्याचे दृश्य चिन्ह ठरले ते इथून. इ.स. 401 च्या सुमारास संत ऑगस्टीनने विवाहाची तीन श्रेये सांगितली : संतती, परस्परनिष्ठा आणि न तुटणारे पवित्र बंधन. पाश्चात्य चर्चची विवाहाची शिकवण आजही या तिन्हींवर उभी आहे.

हा संस्कार देतो कोण? रोमन कॅथलिक परंपरेचे उत्तर ऐकून अनेकांना नवल वाटते. संस्कार धर्मगुरू देत नाहीत, वधूवरच तो एकमेकांना देतात. दोघांनी वेदीसमोर राजीखुशीने उच्चारलेली संमती हाच त्याचा गाभा. धर्मगुरू चर्चच्या वतीने ती संमती स्वीकारतात आणि जोडप्याला आशीर्वाद देतात. मध्ययुगात तर दोघांनी कोणाच्याही नकळत शब्द दिला तरी विवाह वैध मानला जाई. त्यातून फसवणूक फार होऊ लागली. पहिले लग्न दडवून दुसरे करणारे सापडत, पण पुरावा कुठून आणणार? म्हणून 1563 मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने धर्मगुरू आणि किमान दोन साक्षीदार आवश्यक केले.

पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये चित्र वेगळे आहे. बायझंटाइन विधीत वधूवर एकमेकांना शपथ देत नाहीत, धर्मगुरूचा आशीर्वाद हाच तिथे मुख्य. दोघांच्या डोक्यावर मुकुट चढवतात. ग्रीक प्रथेत हे दोन मुकुट एकाच फितीने जोडलेले असतात. नव्या घराचे राजा-राणी असा त्यांचा एक अर्थ, तर दुसरा हुतात्म्यांच्या मुकुटाचा, कारण संसारात रोज थोडा ‘मी’ सोडावा लागतो. मग एकाच पेल्यातला द्राक्षारस दोघे पितात आणि धर्मगुरूमागोमाग मेजाला तीन प्रदक्षिणा घालतात.

प्रोटेस्टंट धर्मसुधारक मार्टिन लूथरने विवाहाला संस्कारांच्या यादीतून वगळले, त्याचे नियमन राजसत्तेकडे सोपवले. पण देवाने स्वतः नेमलेली पवित्र अवस्था हा मान त्याने कायम ठेवला. 1525 मध्ये त्याने मठ सोडून आलेल्या काटारिना फॉन बोरा हिच्याशी लग्नही केले.

भारतात या श्रद्धेने इथल्या रीती आपल्याशा केल्या. केरळच्या सुरियानी ख्रिस्ती लग्नात वर जी साडी देतो, तिच्यातलेच धागे काढून वळलेल्या दोऱ्यात ‘मिन्नू’ ओवतात. हे पानाच्या आकाराचे, क्रूस असलेले सोन्याचे इवलेसे पदक वर वधूच्या गळ्यात बांधतो. गोव्यात लग्नाआधी नारळाच्या रसाचा ‘रोस’ लावतात, मुंबईच्या ईस्ट इंडियन घरांत वाजतगाजत ‘उंबराचं पाणी’ आणतात. या घरच्या रीती झाल्या, संस्कार मात्र वेदीसमोरच होतो.

इतके पवित्र मानलेले हे बंधन मृत्यूपलीकडे जात नाही. पुनरुत्थानानंतर कोणी लग्न करत नाही, असे येशूने सदूकी पंथीयांना स्पष्ट सांगितले. ज्या मीलनाचे हे चिन्ह, ते प्रत्यक्ष घडल्यावर चिन्हाची गरज उरत नाही, अशी यामागची धारणा आहे. त्यामुळेच पाश्चात्य चर्चमधली विवाहाची शपथ मरेपर्यंतचीच असते आणि जोडीदार गेल्यावर विधवेला किंवा विधुराला चर्चमध्ये पुन्हा लग्न करता येते.