गच्चीवरची सिगडी : छंद, हुनर आणि हलाल रोजी

नागपूरचा उन्हाळा गच्चीवर फार वेळ उभे राहू देत नाही. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो, तेव्हा विस्तवाजवळ बसण्याची हौस कोणाला असणार? म्हणून आमच्या शहरात सिगडीचा खरा मोसम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. थंडी पडली की मोमिनपुरा, टेका, हसनबाग, जाफरनगर, ताजबाग अशा वस्त्यांमध्ये सुट्टीच्या रात्री कुठल्या ना कुठल्या गच्चीवरून कबाबचा धूर उठतोच. परदेशात याला बार्बेक्यू म्हणतात आणि त्यासाठी घरामागे अंगण लागते. आपल्या दाटीच्या वस्त्यांत अंगणे उरली नाहीत, म्हणून सिगडी जिना चढून वर गेली.

या मंडळींकडे आपण सहसा 'खाण्याचे शौकीन' म्हणून पाहतो आणि सोडून देतो. पण थोडे थांबून पाहिले तर त्यांच्या छंदात त्यांचा पेशा दिसतो, आणि काहींच्या छंदात उद्याची रोजीही दडलेली दिसते. या लेखात आम्ही त्याविषयीच बोलणार आहोत.

पेशा तसा हात

गच्चीवर जमणारे सगळे हॉटेलवाले नसतात. कोणी वेल्डिंगचे दुकान चालवतो, कोणी गॅरेजमध्ये मेकॅनिक असतो, कोणी औषधाच्या दुकानात, कोणी रेल्वेत, कोणी मिहानमधल्या कंपनीत. दिवसभराचे काम संपले की प्रत्येकजण आपल्या कामाची अक्कल सोबत घेऊनच वर येतो.

वेल्डर सिगडी विकत घेत नाही, स्वतः बनवतो. हवा खेळावी म्हणून तळाला भोके किती पाडायची, सळई निखाऱ्यापासून किती वर राहिली पाहिजे, हे त्याला कळते. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा किंवा रंगाचा जुना डबा तो कधी वापरणार नाही, कारण असा पत्रा तापला की त्यातून विषारी वाफ निघते हे तो कामावरच शिकलेला असतो. मेकॅनिकला इंधन आणि हवा यांचे गणित तोंडपाठ असते. धूर काळा येतोय म्हणजे कोळसा अजून नीट पेटला नाही, हे तो लांबूनच सांगतो. खाटकाच्या व्यवसायातला माणूस रानेचे मांस कुठल्या कामाचे आणि खिम्यात चरबी किती हवी ते हाताने चाचपून ठरवतो. औषधाच्या दुकानातला गृहस्थ मसाला चिमटीने नव्हे तर ग्रॅमवर मोजतो, म्हणून त्याच्या कबाबची चव दर वेळी एकसारखी येते.

यात विज्ञानही पुष्कळ आहे. कच्च्या पपईत पपेन नावाचे द्रव्य असते, ते मांसातील प्रथिने तोडते, म्हणून कडक मांस मऊ होते. मात्र पपई जास्त झाली किंवा मांस त्यात फार वेळ राहिले तर त्याचा लगदा होतो. खिमा मिठासोबत चांगला मळला की तो स्वतःच चिकट होतो आणि सळईला धरून राहतो. पाणी राहिले तर मात्र निखाऱ्यावर गळून पडतो. चौकोनी सळईवर खिमा फिरत नाही, गोल सळईवर फिरतो. ज्वाळेवर मांस करपते आणि आतून कच्चे राहते. कोळशावर पांढरी राख चढली की खरी भाजणी सुरू होते. आमच्या शाळेतल्या मुलांना प्रथिने आणि ज्वलन हे धडे पुस्तकातून कंटाळवाणे वाटतात, पण हीच मुले गच्चीवर हे सगळे न सांगता करत असतात.

वेल्डर आणि डॉक्टर

छंदातून धंदा उभा राहण्याच्या दोन गोष्टी अमेरिकेतल्या आहेत. शिकागोजवळ जॉर्ज स्टीफन नावाचा कामगार वेबर ब्रदर्स या पत्र्याच्या कारखान्यात होता. तिथे पाण्यावर तरंगणारे लोखंडी गोल बोये बनत. घरामागे मांस भाजताना वारा आणि राख यांचा त्याला त्रास होई. 1952 साली त्याने बोयाचे दोन अर्धे केले, खालच्याला पाय लावले, वरच्याचे झाकण केले. आज जगभर विकली जाणारी झाकणाची गोल सिगडी तिथून आली.

दुसरी गोष्ट कॅन्सस सिटीच्या डॉ. रिच डेव्हिस यांची. ते लहान मुलांचे मानसोपचारतज्ज्ञ होते आणि मांस भाजणे हा त्यांचा छंद होता. घरी बनवलेला सॉस त्यांनी 1977 मध्ये बाजारात आणला. तो इतका चालला की 1986 मध्ये एका मोठ्या कंपनीने तो विकत घेतला. एकाने भांडे बनवले, दुसऱ्याने मसाला. दोघांच्याही धंद्याची सुरुवात भाजलेले मांस विकण्यातून झाली नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. कबाबच्या आवडीतून रोजी मिळवायची तर गाडीच लावली पाहिजे असे नाही.

माग बंद पडला, चूल पेटली

इतक्या लांब जाण्याचीही गरज नाही. नागपूर हे एकेकाळी विणकरांचे शहर होते. हलबा-कोष्टी समाज इथला जुना विणकर. उत्तरेकडून आलेले मोमीन विणकर मोमिनपुरा आणि कामठीत वसले. जमशेदजी टाटांनी 1877 मध्ये येथे एम्प्रेस मिल सुरू केली, ती 2002 मध्ये कायमची बंद झाली. हातमागाचे काम तर त्याआधीपासूनच आटत चालले होते.

मागावर पोट भरेना तेव्हा हलबा-कोष्टी समाजातील अनेक कुटुंबांनी घरचा मसाला बाहेर आणला आणि छोट्या खानावळी काढल्या. आज 'सावजी' हा शब्द नागपूरबाहेरही लोकांना माहीत आहे, तो या विणकरांच्या चुलीमुळे. त्या खानावळींमागे घरातल्या बायकांची पिढ्यान्‌पिढ्यांची चव होती आणि काम गमावलेल्या माणसांची गरज होती. आपल्या मोमिनपुऱ्यातही रमजानच्या रात्री तरावीहनंतर सहेरीपर्यंत सळया फिरत असतात आणि शहरभरातून सर्व धर्मांचे लोक तिथे येतात. ते सगळे चवीसाठी येतात. ती चव वर्षाचे उरलेले 11 महिने नियमित रोजी का देऊ शकत नाही, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो.

टाळ्या छंदाला, नाक मुरडणे रोजीला

दहावी-बारावीचे निकाल लागले की पालक आम्हा शिक्षकांकडे येतात. मुलाने पाहुण्यांसाठी कबाब केले तर हेच पालक कौतुकाने चारचौघांत सांगतात. पण तोच मुलगा "मला हे काम शिकायचे आहे" म्हणाला की घरात शांतता पसरते. "बावर्ची होणार का?" हा प्रश्न आम्ही कितीतरी घरांत ऐकला आहे. हाताच्या कामाला कमी लेखण्याची ही सवय आपल्यात कुठून आली? हजरत दाऊद (अलै.) आपल्या हाताच्या कमाईवर जगत, असे हदीसमध्ये आले आहे. हजरत इब्राहीम (अलै.) यांनी अनोळखी पाहुण्यांसमोर भाजलेले वासरू आणून ठेवल्याचा उल्लेख सूरह हूदमध्ये आहे. मेहनतीची कमाई आणि मेहमाननवाजी, दोन्ही आपल्याकडे इज्जतीची कामे आहेत.

उदाहरणेही समोर आहेत. मोहम्मद यासीन यांनी 1946 साली मुंबईत कुलाब्याला, ताजमहाल हॉटेलच्या मागच्या गल्लीत सीख कबाब विकायला सुरुवात केली. 'बडेमियाँ' हे नाव आज देशभर माहीत आहे. लखनौचे इम्तियाज कुरेशी लहान वयातच आप्तांच्या हाताखाली हे काम शिकले, पुढे दिल्लीच्या पंचतारांकित हॉटेलात त्यांनी नाव कमावले आणि 2016 मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली. 2024 मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा मोठमोठ्या शेफनी त्यांना उस्ताद म्हणून आठवले. आमच्याच नागपूरचे विष्णू मनोहर यांनी 2017 मध्ये येथे सलग 50 तासांहून अधिक काळ स्वयंपाक करून दाखवला, तो पाहायला नागपूरकरांनी गर्दी केली होती.

शिकायचे कुठे?

दहावीनंतर आयटीआयमध्ये 'फूड प्रॉडक्शन (जनरल)' हा एक वर्षाचा ट्रेड आहे. ज्याला लवकर कामाला लागायचे आहे त्याने आपल्या जिल्ह्यातील कोणत्या आयटीआयत तो चालतो याची चौकशी करावी. बारावीनंतर हॉटेल मॅनेजमेंटच्या राष्ट्रीय परिषदेची सामाईक प्रवेश परीक्षा असते. ती देऊन देशभरातील संस्थांत तीन वर्षांच्या पदवीला प्रवेश मिळतो. मुंबईत दादरची संस्था यातली जुनी, 1954 सालची. राज्याची वेगळी प्रवेश परीक्षाही असते आणि नागपुरातही हॉटेल मॅनेजमेंटची महाविद्यालये आहेत.

इथे पालकांची एक चिंता अगदी रास्त आहे. या अभ्यासक्रमात हराम मांस आणि दारू यांच्याशी संबंध येतो, त्याचे काय? यावर डोळे झाकून "काही होत नाही" म्हणणे बरोबर नाही आणि दार लावून घेणेही बरोबर नाही. 2018 पासून अहमदाबाद, भोपाळ आणि जयपूर येथील संस्थांनी शाकाहारी स्वयंपाकाचा पर्याय देऊ केला. प्रवेशाआधी प्रत्येक संस्थेत स्पष्ट विचारावे की प्रात्यक्षिकात काय सक्तीचे आहे आणि कशाला पर्याय मिळतो. बेकरी, मिठाई, खाद्यपदार्थांचे पॅकिंग, रुग्णालये आणि वसतिगृहांची स्वयंपाकघरे, केटरिंग, अशा कामांत हा प्रश्न बराच कमी होतो. शंका असेल तर घरात भांडत बसण्यापेक्षा जाणत्या आलिमांचा सल्ला घ्यावा.

हिशेब आणि कायदा

घरून सुरुवात करणाऱ्याने दोन गोष्टी आधी कराव्यात. पहिली, अन्न सुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी. छोट्या व्यवसायाला साधी नोंदणी पुरते, अर्ज ऑनलाइन भरता येतो आणि 14 अंकी क्रमांक मिळतो. हा क्रमांक डब्यावर असला की ग्राहकाचा विश्वास वाढतो.

दुसरी गोष्ट, वही. गच्चीवरचा कबाब स्वस्त वाटतो कारण तिथे मेहनत, कोळसा आणि मांसाचे घटलेले वजन कोणी मोजत नाही. समजा, 1 किलो खिमा 700 रुपयांचा घेतला आणि भाजून 700 ग्रॅम उरला. म्हणजे तयार मांसाचा भाव किलोला 1000 रुपये झाला, तोही मसाला, कोळसा, पुदिना-कांदा, पॅकिंग आणि मजुरी धरण्याआधी. हा हिशेब न करता दोस्तांच्या शाबासकीवर दुकान टाकणारे काही महिन्यांत शटर ओढताना दिसतात.

बायकांचे नाव कुठे आहे?

गच्चीवर सळई फिरवणारा पुरुष सगळ्यांना दिसतो. पण खिमा निवडणारी, मसाला भाजून वाटणारी, पोळ्या आणि चटणी करून वर पाठवणारी आणि शेवटी भांडी घासणारी खाली असते. शाबासकी मात्र वरच वाटली जाते. खरे हुनर तर त्या मसाल्यात असते. डॉ. डेव्हिस यांनी सॉस विकला, सावजींनी मसाल्यावर नाव कमावले. घरातल्या बहिणीला, पत्नीला, मुलीला यातून काही करायचे असेल तर तयार मसाला आणि मुरवलेले कबाब हा घरूनच होणारा व्यवसाय आहे. त्याची नोंदणी आणि बँक खाते तिच्याच नावाने असावे.

विस्तव आणि शेजारी

काही गोष्टी मात्र गंमतीवर नेऊ नयेत. थंडी वाढली की उरलेले निखारे खोलीत आणून दार लावायची सवय काही घरांत आहे. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतो, त्याला ना रंग ना वास. झोपलेला माणूस उठतच नाही. सिगडी कधीही बंद खोलीत आणू नका आणि रात्री निखारे पाण्याने पूर्ण विझवूनच खाली उतरा. रॉकेल किंवा पेट्रोल टाकून कोळसा पेटवू नका.

कच्च्या मांसाचे ताट आणि भाजलेल्याचे ताट वेगळे ठेवा. चिकन आतून 74 अंश सेल्सिअसपर्यंत तापले पाहिजे, गुलाबी राहिले तर पुन्हा निखाऱ्यावर ठेवा. बकरी ईद दरवर्षी 10-11 दिवस आधी येते. 2025 मध्ये ती 7 जूनला होती, म्हणजे पुढची काही वर्षे ती आपल्या उन्हाळ्यातच येणार. तापमान 32 अंशांच्या वर असेल तर मांस तासाभराहून जास्त बाहेर ठेवू नये. कुर्बानीचे मांस लगेच भाजले तर चिवट लागते, ते काही तास फ्रिजमध्ये ठेवून मगच कबाबला घ्यावे.

आणि शेजारी. आपल्या गच्चीचा धूर ज्याच्या खिडकीत जातो त्या घरात कोणी दम्याचा रुग्ण असेल, कोणी मांसाहार न करणारे असतील. आधी विचारावे, वाऱ्याची दिशा पाहून सिगडी मांडावी, रात्री आवाज आवरावा. जे खातात त्यांच्याकडे एक ताट पाठवावे. शेजाऱ्याचा हक्क आपल्याला दीनने शिकवला आहे.

यंदा थंडीत गच्चीवर बसाल तेव्हा दोन कामे करून पाहा. खर्चाची, वजनाची आणि वेळेची नोंद घरातल्या मुलाला वहीत लिहू द्या. आणि निदान एका रात्री सळई बहिणीच्या किंवा मुलीच्या हातात देऊन पुरुषांनी खाली जाऊन भांडी घासावीत. मोसम संपेपर्यंत त्या वहीत चार-सहा पाने भरली असतील. मग कोणी मूल म्हणाले की मला हेच शिकायचे आहे, तर नाही म्हणण्याआधी ती वही उघडून त्याच्यासोबत बसा.