सायकलस्वाराची बेफिकिरी आणि आपला निवाडा



गेल्या गळिताच्या हंगामातील गोष्ट. सांगलीच्या माधवनगर रस्त्यावर दिवेलागणीच्या सुमारास एक शाळकरी मुलगा सायकलीवरून पडला होता. उसाने भरलेल्या ट्रॉलीची साखळी एका हाताने धरावयाची आणि पायडल न मारता मागोमाग ओढले जावयाचे, हा खेळ आमच्याकडच्या मुलांना नवा नाही. त्या खेळात त्याचा तोल गेला. मागून येणाऱ्या गाडीने वेळीच ब्रेक दाबला, म्हणून तो वाचला. पाचपंचवीस माणसे जमली आणि लागलीच दोन पक्ष पडले. एक म्हणे, "गरिबाचे पोर आहे, ट्रॉलीवाल्याला धरा." दुसरा म्हणे, "बरी अद्दल घडली! सायकलवाली पोरे सगळी अशीच." हा निवाडा चालू असताना मुलाच्या गुडघ्यातून रक्त वाहतच होते. त्याला उठवून कडेला बसवावे, हे आम्हां मोठ्या माणसांना सुचावयास बराच वेळ लागला.

या दोन्ही पक्षांचे कोठे चुकते, ते आज आपणांपुढे मांडावयाचे आहे. या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार एवढाच की, लहानपणी याच बेफिकिरीचा मी अपराधी होतो.

माझे बालपण साताऱ्यास गेले. अजिंक्यताऱ्याच्या उत्तरेकडील उतरणीवर वसलेले ते गाव. राजवाड्याकडून पोवई नाक्याकडे यावयाचे, तर वरचा रस्ता घ्या की खालचा, उतार चुकत नाही. मी बारा-तेरा वर्षांचा असेन. वडिलांची सायकल हाती लागली होती. तिच्या मागच्या ब्रेकचे रबर झिजलेले, पुढचा ब्रेक सैल, आणि घंटीची वाटी केव्हाच हरवलेली. संध्याकाळी मोती चौकातून निघालो आणि हँडल सोडून हात पसरण्याइतका रंगात आलो. एक भाजीवाल्या बाई डोक्यावर पाटी घेऊन रस्ता ओलांडीत होत्या. मी ओरडलो. त्या दचकून थबकल्या, आणि थबकल्या म्हणूनच सापडल्या. त्यांचे उजवे मनगट मोडले.

जमलेल्या मंडळींनी माझ्या अंगावरची धूळ झटकली. "पोरच आहे, जाऊ द्या," असे म्हणून मला घरी पाठविले. वडिलांनी औषधपाण्याचा खर्च दिला आणि प्रकरण मिटले. त्या बाईंचा हात मात्र पुरता सरळ झाला नाही. पुढे कित्येक वर्षे मंडईत त्या डाव्या हाताने तागडी उचलताना मला दिसत, आणि मी दुसऱ्या वाटेने जाई. त्या दिवशी मला दया मिळाली खरी. परंतु तिची किंमत त्या बाईंनी मोजली, हे समजावयास मला मोठे व्हावे लागले.

आता त्या उतारावर नेमके काय घडले, ते पाहू. ताशी २० किलोमीटर वेगाने जाणारी सायकल एका सेकंदात साडेपाच मीटर पुढे जाते. समोर माणूस दिसणे, धोका ध्यानी येणे आणि बोटांनी ब्रेक दाबणे यांत सुमारे एक सेकंद सहज जातो. त्यानंतर सपाट, कोरड्या रस्त्यावर आणि चांगल्या ब्रेकवर आणखी पाचएक मीटर लागतात. म्हणजे एकंदर दहा-अकरा मीटर. वेग दुप्पट, म्हणजे ताशी ४० झाला, तर पहिल्या सेकंदाचे अंतर दुप्पट होते आणि ब्रेक दाबल्यानंतरचे चौपट. एकंदर तीस मीटरांच्या वर गेल्यावाचून सायकल थांबत नाही. उतारावर हे अंतर वाढते. पावसात चाकाची धाव भिजली की ब्रेकचे रबर आधी नुसते पाणी पुसीत राहते, तेव्हा ते आणखी वाढते. ब्रेक दाबला असता भार पुढच्या चाकावर येतो, म्हणून थांबविण्याचे मुख्य काम पुढचा ब्रेक करतो. "पुढचा दाबला तर उलटू" या भीतीने तो सैल ठेवणारे लोक आपली निम्म्याहून अधिक शक्ती टाकून देतात. दोन्ही ब्रेक एकत्र आणि बेताबेताने दाबावे, हीच रीत होय.

साताऱ्यास माणसाला उतार बेफिकीर करतो, तर सांगलीस सपाटी. कृष्णाकाठची ती जमीन इतकी सपाट की सायकल ही तेथे पायांइतकीच स्वाभाविक वाटते. आणि जे स्वाभाविक वाटते, त्याचे नियम माणूस विसरतो. १९२९ साली बांधलेला आयर्विन पूल अरुंद आहे. तशा पुलावर दोघे गप्पा मारीत बरोबरीने सायकली चालवितात. मिरजेच्या रस्त्यावर समोरचा दुभाजक टाळण्यासाठी चार पावलांचा वळसा नको, म्हणून उलट्या बाजूने येतात. हंगामात उसाच्या गाड्यांच्या मागे दिवा नाही आणि सायकलीलाही नाही, असे दोन अंधार एकमेकांच्या शेजारून जात असतात.

दिव्याची कथा तर मोठी बोधप्रद आहे. पूर्वी कित्येक नगरपालिका सायकलीवर कर घेत आणि पत्र्याचा बिल्ला देत. रात्री दिव्यावाचून जाणाऱ्यास किंवा डबलसीट बसविणाऱ्यास पोलीस अडवीत. मग लोक काय करीत? चौकात पोलीस दिसला की खाली उतरून सायकल हातात धरून सभ्यपणे चालत, आणि वळण ओलांडले की पुन्हा टांग मारीत. दिवा पोलिसासाठी असतो, अशी आमची समजूत झाली होती. पुढे पोलीस अडवीनासा झाला, तेव्हा दिवाही गेला. वस्तुतः सायकलीचा दिवा स्वाराला रस्ता दिसावा याहूनही, स्वार इतरांना दिसावा यासाठी अधिक आहे.

सायकलीला नियम नाहीत, हा समज मूळ इतिहासाशीही विसंगत आहे. तिच्या पूर्वीच्या उंच चाकाच्या यंत्रावरून स्वार डोक्यावर आपटत. १८८५ साली इंग्लंडात कॉव्हेंट्री येथे जॉन केम्प स्टार्ली याने दोन जवळजवळ सारख्या चाकांची, साखळीने मागचे चाक फिरविणारी 'रोव्हर' तयार केली. त्या घडणीला नावच 'सुरक्षित सायकल' असे पडले. तीनच वर्षांनी, १८८८ मध्ये, तेथील कायद्याने सायकल ही गाडीच आहे असे ठरविले. म्हणजे रस्त्याचा हक्क दिला आणि त्याबरोबर जबाबदारीही दिली. आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात सायकल मोडत नाही. म्हणून तिला परवाना नाही, परीक्षा नाही, क्रमांकाची पाटी नाही. पण १९५१ च्या महाराष्ट्र पोलीस कायद्याने 'वाहन' या शब्दात सायकलीचा स्पष्ट समावेश केला आहे, आणि वाहन डाव्या बाजूने चालविण्याचे बंधन तिलाही घातले आहे. परवाना नसला म्हणून नियम नाही, असे होत नाही. उलट जेथे परीक्षा घेणारा कोणी नाही, तेथे आपली परीक्षा आपणच घ्यावी लागते.

इतके ऐकून मोटारीत बसणारे श्रोते मनात म्हणत असतील, "आम्ही तेच म्हणतो, दोष सायकलवाल्यांचाच!" त्यांना थोडे थांबण्याची विनंती आहे. २०२२ साली भारतात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. त्यांत पादचारी ३२ हजारांहून अधिक होते आणि सायकलस्वार साडेचार हजारांहून अधिक. यांपैकी कोणाची किती चूक होती, हे त्या आकड्यांत लिहिलेले नाही. मात्र चूक समान असली तरी शिक्षा समान नसते, एवढे निश्चित. मोटारवाला चुकला तर बहुधा त्याच्या गाडीचा पत्रा चेपतो. सायकलवाला चुकला तर त्याचे हाड मोडते. शिवाय मोटार नियम मोडते तेव्हा आपण त्या एका चालकाला दोष देतो; सायकल नियम मोडते तेव्हा "हे सायकलवाले" म्हणून सगळ्या जातीलाच नावे ठेवतो. पहाटे दूध घालणारा, कारखान्याच्या पाळीला जाणारा, डोळ्यांत तेल घालून चालविणारा मनुष्यही मग त्याच शिक्षेस पात्र ठरतो, आणि आपण त्याला कट मारून जातो.

सायकलस्वाराचे स्थान मोठे चमत्कारिक आहे. ट्रकपुढे तो दुबळा आहे. परंतु डोक्यावर पाटी घेतलेल्या बाईपुढे तोच बलवान आहे. ट्रकवाल्याने आपला विचार करावा असे ज्याला वाटते, त्याने त्या बाईंचा विचार प्रथम करावा. रस्त्यावर आपण एकमेकांना ओळखत नाही. समोरचा मनुष्य पुढल्या क्षणी काय करील, याचा अंदाज बांधूनच सारे चालतात. नियम पाळणे म्हणजे तो अंदाज खोटा न पाडणे. बेफिकीर स्वार परक्या माणसाचा विश्वास मोडतो, हा त्याचा खरा अपराध आहे. त्यासाठी त्याला बोल लावावा, अवश्य लावावा; पण तो जखमी पडला असता आधी उचलावा आणि मग बोलावे.

आता आपल्या घरापुरते. मुलाला सायकल घेताना रंग आणि गिअर आपण निरखून पाहतो; त्याच खरेदीत पुढचा दिवा, मागचा लाल दिवा, घंटी आणि डोक्याच्या मापाचे शिरस्त्राणही घ्यावे. दर रविवारी दोन्ही ब्रेक दाबून पाहावे. रबर झिजले असेल तर ते बदलण्याचा खर्च अगदी किरकोळ असतो. वळण्यापूर्वी मागे पाहून हात दाखविणे, हँडलला पिशव्या न अडकविणे, उतारावर वेग येण्यापूर्वीच ब्रेकचा उपयोग करणे, या गोष्टी आईवडिलांनी स्वतः बरोबर जाऊन एकदा तरी शिकवाव्या. यवतेश्वरच्या घाटात हौसेने जाणाऱ्या तरुणांनीही चढण्याच्या कौतुकाइतकेच लक्ष उतरण्याकडे द्यावे. आणि मोटार चालविणाऱ्यांनी सायकलीला ओलांडताना हातभर नव्हे, चांगले पुरुषभर अंतर सोडावे. खड्डा चुकविण्यास तिला तेवढी जागा लागते.

"पोरच आहे, जाऊ द्या" आणि "बरी अद्दल घडली" ही दोन्ही वाक्ये बोलावयास सोपी आहेत, कारण ती म्हटली की आपले काम संपते. माझ्या वेळी त्या गर्दीतील एखाद्याने मला हाताला धरून त्या बाईंपुढे उभे केले असते आणि नंतर सायकलीचे ब्रेक दाखवावयास लावले असते, तर ते मला अधिक उपकारक झाले असते. माधवनगर रस्त्यावरच्या त्या मुलाला मी घरी पोहोचविले. निघताना त्याच्या वडिलांना एवढेच म्हणालो की, याला मारू नका. उद्या याच्याबरोबर बसून सायकलीला दिवा लावा.