नऊ मासे म्हणजे नक्की किती मासे?

संशोधनाची तयारी करणारी मुलं हमखास विचारतात, "डेटा तर जमा केला, आता त्यावरून बोलायचं काय?" मला याचं उत्तर उजनीच्या काठावर घरच्यांबरोबर गळ टाकताना समजलं.

आमचं गाव इंदापूर तालुक्यात, भीमेच्या फुगवट्याला लागून. दिवाळीत आप्पा, आत्या आणि चुलतभाऊ तीन गळ घेऊन बसले. गांडुळं, कणकेचे गोळे, भाकरी, ठेचा अशी सगळी तयारी होती. वही माझ्याकडे. चार तासांत नऊ मासे मिळाले, बहुतेक चिलापी. संध्याकाळी मस्त रस्सा झाला. मे महिन्यात पुन्हा गेलो. या वेळी आत्या नव्हती. दोन गळ, तीन तास, आणि मासे पुन्हा नऊच!

मग दोन्ही दिवस सारखेच का? नाही. आधी कष्ट मोजू. दिवाळीत 3 गळ गुणिले 4 तास, म्हणजे 12 गळ-तास. नऊ भागिले बारा, 0.75. मे महिन्यात 6 गळ-तास, म्हणून 1.5. मत्स्यशास्त्रात याला 'कॅच पर युनिट एफर्ट' म्हणतात, म्हणजे दर प्रयत्नामागे मिळालेली पकड. नुसता पकडीचा आकडा फसवतो. मासे कमी होत असतानाही जाळी आणि होड्या वाढवल्या की पकड तेवढीच दिसू शकते.

मग मे महिन्यात मासे दुप्पट झाले म्हणायचे का? थांबा, इथेच घाई होते.

पहिली गोष्ट, पाणी. उजनीची एकूण क्षमता सुमारे 117 टीएमसी, त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा. उन्हाळ्यात धरण 'मायनस'मध्ये जातं, पळसदेवचं जुनं पळसनाथ मंदिर पाण्याबाहेर दिसू लागतं. तेवढेच मासे कमी पाण्यात दाटीने राहिले, तर गळाला लवकर लागू शकतात.

दुसरी गोष्ट, आत्या. दिवाळीत तिला एकही मासा मिळाला नव्हता. मी वहीत 'आत्या – 0' लिहिलं तेव्हा ती म्हणाली, "अरे, ते कशाला लिहितोस?" पण शून्य हाही डेटाच! तिचे चार तास वगळले तर दिवाळीचा दर 9 भागिले 8, म्हणजे सुमारे 1.1 होतो. दुप्पट वाटणारा फरक एकदम आटला. तुलना करताना माणसं तीच आहेत का, हे आधी बघा. आणि दोन दिवसांवरून निष्कर्ष तर काढूच नका.

तिसरी गोष्ट, साधन. चुलतभावाच्या बारीक गळाला छोटे मासे लागतात. आप्पांच्या मोठ्या गळाचा घास त्यांच्या तोंडात मावतच नाही. जाळ्याचंही तसंच. बारीक आसाच्या जाळ्यात पिल्लंही येतात. आज टोपली भरलेली दिसते, पण ज्यांनी एकदाही अंडी घातली नाहीत ते मासे संपतात. भिगवणच्या बाजारावर पोट असलेल्या कुटुंबांसाठी हा उद्याच्या भाकरीचा प्रश्न आहे.

शेवटची गोष्ट, आठवण. आप्पा म्हणतात, "आमच्या लहानपणी लई मासे होते." त्यांचं लहानपण म्हणजे 1980 मध्ये पूर्ण झालेलं धरण. आज्जाची भीमा मात्र वाहती होती. चुलतभावाला तर चिलापी 'आपला' मासा वाटतो, पण तो मूळचा आफ्रिकेतला, भारतात 1952 मध्ये आणलेला. प्रत्येक पिढी आपल्या लहानपणालाच 'मूळ स्थिती' धरते. डॅनिएल पॉली या मत्स्यशास्त्रज्ञाने 1995 मध्ये यालाच 'शिफ्टिंग बेसलाइन' म्हटलं, म्हणजे सरकत जाणारी आधाररेषा. म्हणून आठवणी जरूर नोंदवा, पण कुणाची आणि कोणत्या काळातली हेही लिहा.

तुमचा विषय कुठलाही असो, वहीत पाच रकाने ठेवा: काय मिळालं, किती कष्टात, कोणत्या साधनाने, कोणत्या परिस्थितीत, आणि कुणाला काहीच मिळालं नाही.

येत्या दिवाळीला आत्या परत येणार आहे. "या वेळी माझा रकाना रिकामा राहायचा नाही," असं तिने आत्ताच बजावलंय.