विष्णुपुरीचं पाणी आणि कानपूरचं गणित

नांदेड शहराची तहान विष्णुपुरीचा जलाशय भागवतो आणि उपसा सिंचनाचे पंपही तिथूनच पाणी उचलतात. उन्हाळा तापला की दोघांची गरज एकाच साठ्यावर येते. अशा प्रश्नात प्रत्येक उद्दिष्टाला भारांक द्या, बेरीज करा, एक उत्तर काढा, असं सांगणारे आमच्या क्षेत्रात आजही पुष्कळ आहेत. माझं त्यांच्याशी जुनं भांडण आहे. भारांक ठरले की निम्मा निर्णय गणिताआधीच झालेला असतो आणि तो कुणी केला हे कागदावर दिसत नाही. शिवाय तडजोडींची रेषा जिथे आत वळते, तिथल्या योजना या बेरजेला सापडतच नाहीत, भारांक कितीही बदला.

भारांकांशिवायची वाट जेनेटिक अल्गोरिदमने दाखवली. हॉलंड, गोल्डबर्ग, शॅफर हा त्याचा इतिहास वाचकांना ठाऊक आहे. मी थांबतो ते १९९४ पाशी. आयआयटी कानपूरमध्ये श्रीनिवास आणि कल्याणमय देब यांनी एनएसजीए ही पद्धत मांडली. २००२ मध्ये देब आणि सहकाऱ्यांची सुधारित एनएसजीए-टू आली. धरणातून पाणी सोडण्याच्या शंभर योजना घ्या. त्यांतल्या एखाद्या योजनेच्या तुलनेत दुसरी योजना सिंचन आणि वीज दोन्हींत किमान तिच्याइतकी आणि एकात तरी सरस असेल, तर आधीची योजना खालच्या थरात जाते. जिला असं कुणी मागे टाकत नाही, ती पहिल्या थरात. एकाच थरात दाटीतल्या योजनेपेक्षा सुट्या जागी असलेलीला झुकतं माप मिळतं, म्हणून रेषेचा कुठलाच भाग ओस पडत नाही. मग संकर, थोडा फेरफार, पुन्हा थर. शेवटी हाती अख्खी रेषा येते: एवढी वीज हवी, तर एवढं सिंचन सोडावं लागेल.

आपल्या भागात डी. जी. रेगुलवार आणि पी. आनंद राज यांनी २००८ च्या सुमारास जायकवाडीचे दोन्ही टप्पे, येलदरी, सिद्धेश्वर आणि विष्णुपुरी एकत्र घेऊन जेनेटिक अल्गोरिदम चालवला. हे मोलाचं काम. येलदरीच्या वीजगृहातून सुटलेलं पाणी खाली सिद्धेश्वरला अडतं आणि तिथून कालव्यांना जातं. धरण सुटं घेतलं तर तेच पाणी वीज आणि सिंचन दोन्हींच्या कामी येण्याचा हा दिलासा दिसतच नाही. त्यांनी फझी पद्धतीने समाधानाची एक पातळी काढली. मला तिथे रेषा हवी होती.

पुढचा लांडगे-देवमाशांच्या नावांच्या पद्धतींचा पूर मी ओलांडतो. बहुतेकांत नाव नवं, चाल जुनी. गोदावरीवरच्या बाभळी बंधाऱ्याबद्दल मात्र सांगायलाच हवं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानुसार बंधाऱ्याची दारं १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडी राहतात. हे बंधन आहे, उद्दिष्ट नव्हे. त्याला भारांक लावणारे प्रबंध मी परत पाठवत आलो.

आता विद्यार्थी तयार लायब्ररी उतरवतात, पुस्तकी फलनांवर चालवतात आणि चौथ्या दशांशापर्यंत सुधारणा दाखवतात. कालव्याचं आवर्तन म्हणजे काय, हे त्यांना विचारून पाहा. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या लातूरचा प्रश्न कुणी हाती घेत नाही. लातूरला पाणी देणाऱ्या मांजरा धरणाचं या वर्षीचं सिंचन एका अक्षावर घ्या, पुढच्या वर्षासाठी राखलेला पिण्याचा साठा दुसऱ्यावर. १५ ऑक्टोबरचा साठा कळला की ती रेषा कालवा सल्लागार समितीपुढे ठेवा आणि ऊस उत्पादक, महानगरपालिका, अभियंते यांना तिच्यावर बोट ठेवून बोलू द्या. यासाठी लागणारा संगणक प्रत्येक महाविद्यालयात आहे.